बटणावरचा अंगठा

जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्लीत, एका रिसॉर्टच्या काउंटरवर दिव्यानी भेटेल, असं कोणी म्हटलं असतं तर प्रणितने त्याला वेड्यात काढलं असतं. नागपूरच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं सफारीच्या जिप्सींच्या नोंदी करणारं हातातलं मशीन दुरुस्त करायला.

"तू... इथी?"

"मशीन झोपते, उठते, पन बटनं चालत नाई," ती म्हणाली, जणू ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून दोघं कालच निघाले होते. मधे सहा वर्षं गेली होती.

मग तो येतच राहिला. बॅटरी वाचवायला मशीन झोपायचं. उठल्यावर पडदा उजळायचा, पण बटणं वाचणारा कीबोर्ड कंट्रोलर मुका. नागपूरच्या टेबलावर तसलंच मशीन अगदी शहाण्यासारखं वागायचं. हे मशीन मागवून घेता आलं असतं... पण त्याला ते सुचलं नाही, असं आपण म्हणू. बिघाड सापडला की येणं संपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला ती सागाच्या सावलीत जिप्सीची वाट बघत होती. मशीन हातात, अंगठा खालच्या बटणावर दाबलेला. कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला विचारात पडली की ती अशीच स्पेसबार दाबून बसायची, आणि तो शेजारून चोरून बघायचा. ते दिवस त्याला फार आवडायचे, आणि ती त्याहून जास्त.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. बटण दाबलेलं असतानाच मशीन झोपत होतं. अंगठा उचलला जायचा मशीन झोपेत असताना, आणि जागा झालेला कंट्रोलर बटण सुटायची वाट पाहत बसायचा. प्रणितने लॅपटॉप जोडून कर्नेलमध्ये, मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चार ओळी घातल्या: उठलास की जुनं धरून बसू नकोस, सगळी बटणं नव्याने बघ. मशीन तिच्या हातात दिलं, अंगठा दाबलेला असताना झोपवलं, उचलल्यावर उठवलं. बटणं चालली.

"तुह्या अंगठ्यानं होत होतं," तो म्हणाला. आवाज उगाच पडला.

"मले मालूम होतं. दुसऱ्या खेपेपासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर... तू आला असता?"

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी, काळीपिवळी जीपमध्ये तिच्या शेजारी बसून, तो स्टँड येईपर्यंत गप्प राहिला होता. त्याने लॅपटॉप मिटला.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "मशीनसाठी नाई... तुह्यासाठी."

दिव्यानीने पुन्हा बटणावर गेलेला अंगठा उचलला.

"सकाळच्या बसनं ये," ती म्हणाली. "रविवारी बाबा घरी राह्यते, त्याईले भेट."