डावं चाक, उजवा पाय

धावजीची व्हॅन चौथ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा समीक्षानं सगळ्यात आधी बंपरला लटकणारं लिंबू-मिरची पक्कडीनं तोडून टाकलं.

"नका तोडू ना ताई," धावजी कळवळला. "नजर लागली हाय गाडीले. चार महिन्यांत तीन बेअरिंग! अन् तेही एकाच चाकाचे, मागच्या डाव्या."

"गाडीले नजर लागत नाही, धावजीभाऊ. कारण असते. मले ते अजून सापडलं नाही, एवढंच."

"एवढंच म्हणता!" धावजी हसला. "नानाजी असते तर..." आणि पुढचं त्यानं गिळून टाकलं.

बाभुळगावात यवतमाळ रोडवर हे गॅरेज नानाजींनी, म्हणजे समीक्षाच्या बाबांनी, उभं केलं होतं. पोळ्यानंतर आठच दिवसांनी ते गेले. समीक्षाकडे डिप्लोमा होता आणि पुण्याच्या कारखान्यातून आलेलं बोलावणंही होतं. ते तिनं फाडून टाकलं. खेड्यापाड्यांतल्या जुन्या गाड्या कोणी बघायच्या नाहीत का, असं तिचं म्हणणं. आणि धावजीची व्हॅन म्हणजे नुसती गाडी नव्हती. आठवड्यातून दोनदा ती आसपासच्या गावांतले डायलिसिसचे पेशंट यवतमाळला नेत असे. भर वेगात चाक अडकलं असतं, तर आत बसलेल्यांपैकी कोणाच्याही अंगात पळायचंसुद्धा बळ नव्हतं.

नानाजींची एक रीत होती. आवाज शोधायचा असला की गाडी समीक्षाला चालवायला देत आणि आपण मागच्या सीटवर बसत. ते म्हणत, "चालवणाऱ्याले बाजू कळत नाही पोरी. आवाज पत्र्यातून फिरून येते." गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिच्या खांद्यावर बोटानं ठोकत. एक ठोका म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे आहे तिथं थांब. घरी गेलं की कुर्त्यावरचे ग्रीसचे डाग बघून आई दोघांनाही बोलायची.

आता मागे बसणारं कोणी नव्हतं. धावजीला तर सगळेच आवाज सारखे वाटायचे. तो घरी गेला आणि समीक्षा एकटीच निघाली, भर दुपारी, कारण एप्रिलच्या त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि गाडीचं बारीकसारीकही ऐकू येतं. बेंबळा धरणाकडं जाणारा रस्ता पांढरा पडला होता. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी वावरं. पन्नासच्या पुढं काटा गेला आणि मागून तो आवाज सुरू झाला. गुणगुण. कोणी ओठ मिटून गावं तसा.

"डावंच आहे," ती स्वतःशी पुटपुटली.

खांद्यावर ठोका पडला.

मग दुसरा.

गाडीत निलगिरीच्या तेलाचा वास भरला होता. नानाजी रोज रात्री उजव्या पायाला ते तेल चोळायचे... आरसा समोरच होता. नुसती नजर वर करायची होती. पण तिनं केली नाही. मागे कोणी दिसेल याचं तिला भय नव्हतं. कोणीच दिसणार नाही, याचं होतं.

"बाबा... उजवीकडे?" तिनं विचारलं.

गुणगुण तेवढी चालू राहिली.

गॅरेजमध्ये परतल्यावर ती बराच वेळ गाडीकडे न बघता दाराकडे बघत बसली. दारामागे नानाजींच्या चपला अजून तशाच होत्या. तरुणपणी जॅक निसटून त्यांचा उजवा पाय चेंगरला होता. तेव्हापासून सगळा भार डाव्यावर. त्यामुळे डाव्या चपलेचा तळ भोक पडेपर्यंत झिजलेला आणि उजवी नव्यासारखी. मारोती चांभार दर वेळी डावीच शिवून द्यायचा. नानाजी हसायचे, "झिजते डावी, पण दुखणं उजव्याचं हाय, हे त्याले कोण सांगन?"

समीक्षा ताडकन उठली.

चार महिने ती डावं चाकच उघडत होती. आता ती उजव्या बाजूनं गाडीखाली शिरली. वरवर स्प्रिंगचे सगळे पाटे धड दिसत होते. त्यांना बांधणारी पट्टी सोडवली तेव्हा कळलं, मधला पाटा आतून तडकला होता. त्यामुळे मागचा एक्सेल केसभर तिरपा बसत होता आणि सगळा ताण डाव्या चाकावर जात होता. तिला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटा बदलला. आता राहिलं डावं बेअरिंग. ते महिन्याभराचंच होतं, पण खराब झालेलं. नवीन फळीवर खोक्यात तयार होतं. तिनं खोकं हातात घेतलं.

हे बसवलं की गाडी मुकी होईल. मग आवाज शोधायला मागे कोणी कशाला बसेल?

नानाजी म्हणायचे, "नीट झालेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, तर मेकॅनिकनं तोंड लपवावं." तिला ते शब्दन् शब्द आठवत होतं. तरी तिनं खोकं फळीवर परत ठेवलं, जुन्याच बेअरिंगला ताजं ग्रीस भरलं आणि चाक कसलं. कारण तर सापडलंय, महिनाभर सहज निघेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग गाडी येईल. एकच फेरी. मग बदलूच.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला.

"ताई, गाडी थांबवली म्या. डाव्या चाकातून धूर निघून राह्यला." धावजीचा आवाज बसला होता. "अन् ताई... मागून कोणीतरी खांद्यावर ठोकलं. तीनदा."

ती नवीन बेअरिंगचं खोकं, जुनं ओढून काढायचा पुलर आणि हातोडा घेऊन स्कूटीवर निघाली.

व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती. दोन पेशंटना धावजीनं एका जीपमध्ये बसवून दिलं होतं. तिसरी पेशंट, म्हातारी तानाबाई, मात्र मागच्या सीटवरच होती. मागून भाच्याची गाडी येणार होती तिला न्यायला. समीक्षानं हबजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आणखी चार-पाच किलोमीटर, आणि चाक जागच्या जागी अडकलं असतं.

"आजी, तुम्ही ठोकलं का भाऊंना?"

"मी कायले ठोकू माय? माह्या बाजूचे बाबा होते ना, त्याईनं ठोकलं."

"मागे तर तुम्ही तिघीच होत्या," धावजी हळूच म्हणाला. "सगळ्या बाया."

"तुले आपल्या समोरचंच दिसते, रे." तानाबाईनं पदरानं घाम टिपला. "निलगिरीचा वास येत होता त्याईले. गाडी थांबली अन् उतरले. म्या म्हटलं, उन्हाचं कुठं जाता, बसा ना. तर म्हणे, नाही. पोरगी येऊन राह्यली. तिच्यासमोर तोंड नाही दाखवत मी."

"कुठं... गेले?"

म्हातारीनं बोट दाखवलं. क्षितिजापर्यंत काळं वावर पसरलं होतं. झाड नाही, झुडूप नाही.

समीक्षा रस्त्यावरच मांडी घालून बसली आणि चाक उघडू लागली. "चूक माझी आहे, धावजीभाऊ," ती मान वर न करता म्हणाली. "नवीन टाकलंच नव्हतं मी."

धावजी तिच्याजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "काहून, ताई?"

तिनं पुलर हबवर चढवला.

बेअरिंग बसवून झालं तोवर तानाबाईला भाचा घेऊन गेला होता. समीक्षानं व्हॅन एकटीनं साठपर्यंत नेली. चाक गुळगुळीत फिरत होतं. वास नाही, गुणगुण नाही. "बाबा, आता बरोबर ना?" असं तिनं तीन वेळा विचारलं. शेवटी तिनं आरशात बघितलंच. मागची सीट रिकामी होती.

संध्याकाळी गॅरेज बंद करताना तिनं दार ओढलं आणि मागच्या चपलांवर तिची नजर गेली. डावी तशीच होती, भोक पडलेली. तिनं उजवी उचलली. आठ महिने कोणाच्या पायात न गेलेली, ती तर नव्यासारखीच असायला हवी होती.

पण आता तिचाही तळ भोक पडेपर्यंत झिजला होता. त्यावर तिनं तळहात ठेवला, आणि तळ भर उन्हातल्या वावरासारखा तापलेला लागताच हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.