मोठ्या माणसांचा शब्द

क्रांती चौकातल्या थांब्यावर करुणा छत्रीआडून चार चिनी अक्षरं पुटपुटत होती. अवेळी भुरभुर लागलेली, बिडकीनची बस बेपत्ता. शेजारी उभा असलेला पोरगा खुदकन हसला.

"फंग गोंग वेइ जी... 'जी' खाली पाडा. जिना उतरल्यासारखा."

"तुम्हाला लई येतंय!"

"येतंय थोडं. मी बुद्धभूषण, करमाडचा. दुभाष्याच्या क्लासात तुमच्या मागच्याच बाकावर असतो. तुम्ही कधी मागं बघतच नाय..."

त्या दिवशी तिनं बघितलं. मग काय, बाईसाहेबांची मान वळली ती वळलीच!

अर्थ त्यानंच समजावला — थोर कर्तृत्व, महान कार्य. "पण कुणालाबी चिकटवायचा नाय. देशासाठी, समाजासाठी झिजलेल्यांनाच. घरच्या माणसाला लावला की चूक."

"म्हंजे बाबासाहेबांना?"

"बरोब्बर!"

तरी तिनं डब्यात ठेचा आणला की तो हाच शब्द फेकायचा, आणि ती लटकं रागावून डबा ओढून घ्यायची.

डिसेंबरात त्याची आई, चंपाबाई, गेली. बांधकामावर विटा वाहून तिनं पोराला शिकवलं होतं. त्यानंतर तो बोलायचा कमी, खिडकीबाहेर बघायचा जास्त.

पुढच्याच महिन्यात मुलाखत झाली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात दुभाष्याची एकच जागा, त्याआधी दोन वर्षं चीनमध्ये प्रशिक्षण. दोघांनाही तोच शब्द वाक्यात वापरायला सांगितला. करुणानं बाबासाहेबांवर वाक्य केलं. बुद्धभूषणनं आईवर. त्याचं चूक धरलं आणि जागा करुणाला मिळाली.

"तूच शिकवलं होतंस ना रे! मुद्दाम केलंस... माझ्यासाठी?" तिनं रडवेली होऊन विचारलं.

"नाय गं. तेवढा मोठा नाय मी. जागा मलाबी पायजे होती... पण तोंडातून आईच निघाली."

तिला जास्तच भरून आलं. या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला तेव्हा धडधडीत कळलं. आणि कळून तरी काय, तिकीट आलेलं होतं.

निघायच्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर धुकं होतं. मुंबईची बस लागली. तो तिची बॅग चढवून खाली उतरला, हात खिशात घालून उभा राहिला.

"भूषण, मी थांबणार नाय. आमच्या घरातून पहिलीच चाललेय मी... बाबा सगळ्या बिडकीनला सांगत सुटलेत. पण तू एकदा तरी म्हण की, थांब."

"म्हणून काय उपयोग?"

"तिकडं सोबत न्यायला."

कंडक्टरनं घंटी मारली. त्यानं खिशातले हात बाहेर काढले —

"थांब ना, करुणा..."

ती ओक्साबोक्शी रडत बसमध्ये चढली.