वीस मिनिटांपलीकडचे आजोबा

आजोबांना हाक मारली, की ते चाळीस मिनिटं गप्प का बसतात? सात वर्षांच्या मिहिकाला पडलेलं हे कोडं. तिने त्याचं उत्तरही काढून ठेवलं होतं : आजोबांचं माझ्याकडे लक्षच नसतं!

मिहिका आईबरोबर मंगळावरच्या वसाहतीत राहायची. निवृत्त खगोलशास्त्रज्ञ असलेले आजोबा आजीबरोबर पृथ्वीवर, जुन्नरला. वसाहतीत दर रविवारी प्रत्येक घराला संदेश पाठवायला दहा मिनिटं मिळत. दिवा हिरवा असेपर्यंत बोलायचं, लाल झाला की संपलं. ती दहा मिनिटं बहुतेक मिहिकाच खाऊन टाकायची. माझं चित्र, माझी सायकल, माझा हलणारा दात. आजोबांचं उत्तर आलं, की स्वतःबद्दलचं तेवढं ऐकून बाईसाहेब पसार.

त्या रविवारी आई म्हणाली, “मिहू, आज मला अर्धा वेळ ठेव हं. उद्या आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी मला बोलायचंय त्यांच्याशी.”

“हो गं, दोनच मिनिटं!” म्हणत मिहिकाने माइक ओढला. दात पडल्याची कहाणी काही केल्या संपेना. वर “आजोबा, तुम्ही लगेच का नाही बोलत?” हे भांडणही झालं. आईने दोनदा खांद्यावर हात ठेवला, तिने तो झटकला. शेवटी माइक आईच्या हाती आला.

“बाबा, मला तुम्हाला सांगायचं होतं, की...”

दिवा लाल झाला.

आई रागावली नाही. माइक जागेवर ठेवून ती नुसती बसून राहिली. तिचा चेहरा पाहून मिहिकाला पळायचा धीर झाला नाही.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर आजोबा आले, नेहमीच्या वेताच्या खुर्चीत.

“मिहू, दात पडला? शाब्बास! आता तुझं भांडण. आपला आवाज रेडिओलहरींवरून (डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच तो) जातो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, पण सध्या आपल्यात छत्तीस कोटी किलोमीटर अंतर आहे. म्हणून जायला वीस मिनिटं, यायला वीस. तेवढा वेळ मी इथे बसून ओळखत राहतो, आत्ता मिहू काय करत असेल? तिला भूक लागली असेल का? याला समानुभूती (दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं) म्हणतात. अगदी शेजारी बसलेल्या माणसाच्या मनातलंही दिसत नाही गं, ओळखावं लागतं.” मग ते आईशी बोलू लागले. “वृंदा, तुझं अर्धंच वाक्य पोचलं. उरलेलं मी ओळखलं, बाळा.”

दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला. आजोबा ऑपरेशनमधून शुद्धीवर आलेच नाहीत.

मिहिका आईजवळ जाऊन बसली. तिने विचारलं, “आई, तुझं ते वाक्य काय होतं?”

“आता कुणाला सांगू गं?”

“मला सांग,” मिहिका म्हणाली आणि रडायलाच लागली. “माझ्यामुळे राहिलं ना ते?”

आईने तिला कुशीत घेतलं आणि ते वाक्य तिच्या कानात पूर्ण केलं.

पुढच्या रविवारी मिहिकाने माइकला हातच लावला नाही. आई आजीशी नऊ मिनिटं बोलली आणि मग तिनेच माइक पुढे केला. मिहिकाने डोळे मिटले.

“आजी, तू आजोबांच्या खुर्चीत बसत नसशील. तिच्याजवळ खाली बसून हे ऐकत असशील. जेवलीस का गं?”

मग ती चाळीस मिनिटं जागची हलली नाही.

पडदा उजळला. आजी जमिनीवर बसली होती, एक हात रिकाम्या खुर्चीवर ठेवून.

“मिहू,” आजी डोळे पुसत म्हणाली, “तुला इतक्या लांबून कसं गं दिसलं?”