फक्त तिलाच ऐकू येणारी टकटक

“नाही येत आवाज,” तो म्हणाला.

चौथ्यांदा! चार शुक्रवार झाले, ती कमरेवर हात ठेवून या सायकलच्या दुकानाच्या दारात उभी राहत होती. आणि हा बाबा तिची सायकल गल्लीत दोन चकरा मारून आणायचा, फडक्याला हात पुसायचा आणि थंडपणे हेच सांगायचा.

“येतो,” ती म्हणाली. “टक्! उजवा पाय खाली गेला की टक्. आत्ता घरापासून इथपर्यंत ऐकत आलेय मी.”

“मला नाही आला...”

“अहो, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे ऐकते. एखाद्या आजी म्हणाल्या, गुडघा दुखतो, तर मी काय म्हणू? मला नाही बाई दुखत, जा घरी?”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि ती दिसली की तिला पुढचं वाक्य विसरायला व्हायचं. याचाही तिला संताप होता.

तशी पहिली भेट अगदीच योगायोगाची. बरोबर याच दारात तिची चेन पडली होती. त्याने दोन मिनिटांत ती बसवली होती, आणि मान वर करून विचारलं होतं, “आणखी काही?” त्या ‘आणखी काही’साठी तिने टकटक सांगितली. तेव्हापासून त्याने पेडल उघडलं, चेन धुतली, चाकांत ग्रीस भरलं. माणूस कामाला चोख होता, नाही असं नाही. तो चांगला ताडमाड उंच. म्हणून चक्कर मारायच्या आधी तो तिची सीट वीतभर वर घ्यायचा, आणि परत आल्यावर खडूच्या खुणेवर अगदी बरोबर खाली आणून ठेवायचा. इतकी काळजी घेणारा माणूस कानाने असा कसा, हे तिला कळत नव्हतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “नाही येत ना आवाज? नका ऐकू. परवा रविवारी सायकल चाललीच आहे.”

“कुठे?”

“विकायला! दादाने गिऱ्हाईक पाहिलंय. रोज टकटक, टकटक करतेस, एक तर तुझे कान वाजतात नाहीतर सायकल संपली, म्हणे. सायकल माझ्या पहिल्या पगाराची. सहा घरी पेशंट, सगळीकडे मी हिच्यावर जाते. पण मला कोण विचारतंय!”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. रडू येत होतं, आणि याच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

मग त्याने स्वतःची सायकल बाहेर काढली आणि शटर ओढलं.

“चला. तुम्ही चालवा, मी मागून येतो.”

नदीवरच्या पुलावर वारा होता. ती पुढे, तो मागे. आपली वेणी सुटलीय हे तिला आत्ताच कसं आठवलं कोण जाणे... पाठ उगाच ताठ झाली.

“ऐकलंत?” ती मान न वळवता ओरडली.

“वाराच ऐकू येतोय!”

“मग जवळ या ना!”

बोलून गेली आणि कानशिलं तापली. तो आला – हँडलला हँडल लागेल इतका जवळ. त्याच्या बाहीला रॉकेलचा वास होता. तिचा उजवा पाय खाली गेला.

टक्.

“ऐकला,” तो म्हणाला.

बस, एवढंच. पण तिचे डोळे भरून आले. महिनाभर घरादाराने तिला वेड्यात काढलं होतं, आणि आज कुणीतरी म्हणालं होतं, ऐकला.

“थांबा, मला चालवू द्या,” तो म्हणाला. पाना दुकानात राहिला होता, त्यामुळे सीट तशीच खाली. गुडघे पार छातीशी घेऊन तो चालवायला लागला, आणि ती कठडा धरून हसत सुटली.

टक्. टक्.

तो एकदम थांबला. उतरला. सीटखालच्या दांड्याकडे पाहत राहिला.

“मी गाढव आहे,” तो म्हणाला. “हा दांडा लांब आहे. सीट खाली असली की नळीच्या आत तो बाटलीच्या स्टँडच्या बोल्टवर आपटतो. मी दर वेळी आधी सीट वर घेत होतो...”

ती कठडा सोडून पुढे आली.

“म्हणजे चारही वेळा आवाज तुम्हीच बंद केलात, आणि वर मलाच सांगितलंत, आवाज नाही?”

“हो.”

“हो काय, हो? भांडा ना जरा!”

“कसा भांडू? तुमचं खरं होतं.”

दुकानात परतून त्याने दांडा दोन बोटं कापला, कड घासली आणि सीट खुणेवर बसवली. तिने चक्कर मारली. टकटक नाही. आनंद व्हायला हवा होता... आणि तिला मात्र पुढचा शुक्रवार रिकामा दिसायला लागला.

“रविवारी मी घरी येऊन दादांना सांगतो,” तो म्हणाला, “की सायकल चांगली आहे, चूक माझी...”

“तुम्ही कशाला?” ती उसळली. “तो माझ्या वतीने विकणार, तुम्ही माझ्या वतीने सोडवणार! मला तोंड आहे. सायकलचं मी आजच सांगते त्याला.”

“बरं.” त्याचा चेहरा उतरला. “मग मी... नको येऊ?”

“नको असं कुठे म्हटलं मी? या की. पण स्वतःचं काही बोलायचं असेल तर.”

“आहे,” तो अगदी हळू म्हणाला. “चेन पडली त्या दिवसापासून आहे. दादांशीच बोलायला हवं ना...”

“दादाशी? आधी मला विचारा! सगळं ठरवून मोकळे होतात, मला कुणी काही विचारतच नाही!”

मग त्याने विचारलं. तिथेच, काळ्या हातांनी, अडखळत, दोनदा सुरुवात करून.

“हो,” ती म्हणाली, आणि तेही चिडूनच.