हलक्या ताणाच्या तारा

खोटं वाटलं तर वाटू दे. मी शपथबिपथ घेणार नाही. आमच्या घरात भूत-पिशाच्च कुणी मानत नाही, बाबासाहेबांची लेकरं आम्ही. पण हे माझ्या चुलतभावासोबत घडलंय, प्रबुद्धसोबत. मुलुंडला, दहाव्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत, याच वर्षी. आणि रात्रीबित्री नाही...

ऐन दुपारी चार वाजता.

प्रबुद्ध भीमगीतांच्या ग्रुपमध्ये बास गिटार वाजवतो. चार जाड तारांची, खर्जातली गिटार. एप्रिलमध्ये चेंबूरला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता आणि याच्या डाव्या मनगटाची शीर सुजलेली. डॉक्टर सरळ म्हणाले, "असंच दाबत राहिलास तर हाताची वाट लागेल."

त्यात त्याची बास पन्नास वर्षं जुनी. ती त्याला सुयोगने दिलेली. सुयोग म्हणजे कॉलेजपासूनचा जिवलग. बास होती सुयोगच्या काकांची, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या शरच्चंद्र काकांची.

"काका दिवाळीत गेले रे," सुयोग म्हणाला. "घरात धूळ खात पडलीय. तू वाजव. मला बदल्यात तुझा अ‍ॅम्प दे."

प्रबुद्धने अ‍ॅम्प, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा डबा, देऊन टाकला. वर ऑर्केस्ट्राच्या जुन्या पत्रकातला काकांचा फोटो कापून भिंतीवर लावला, त्याला हार घातला. वाद्याच्या आधीच्या धन्याला मान द्यायचा, ही त्यांच्या ग्रुपची रीत.

इथेच चुकला बिचारा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याने रिकामी तार छेडली. डावा हात मांडीवर. तार कुठेही दाबलेली नाही...

सूर आला तो दाबलेल्या तारेचा.

पुन्हा छेडली. पुन्हा तेच. खरखरत, अर्धवट, बोटात जोर नसलेल्या माणसाने दाबावी तसा.

पाच वाजले... आणि बंद.

जुनी वस्तू, काहीतरी बिघडलं असेल, म्हणून तो ती घाटकोपरला माधुरीताईंकडे घेऊन गेला. वाद्य दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान आहे. ताईंनी एक डोळा मिटून बासच्या मानेवरून नजर फिरवली.

"मान वाकलीय. तिला सरळ ठेवणारा आतला रॉड गंजून जाम झालाय, फिरवला तर तुटेल. जाड तारांचा ताण हिला झेपणार नाही आणि तुझ्या हातालाही नाही. हलक्या ताणाच्या घाल."

"म्हणजे बारीक?"

"नुसत्या बारीक घेऊन चालत नाही रे, त्याही ताठ लागतात. पाकिटावर ताणाचा आकडा बघ. आणि एकेक बदल. चारही एकदम उतरवू नकोस."

त्याने आधी थोड्या हलक्या घातल्या. चार वाजता खरखर कमी झाली. सूर मात्र दाबलेलाच.

मग ताईंकडून सगळ्यात हलक्या आणल्या. सपाट, मऊ, बोट टेकलं की दबणाऱ्या. रविवारी सकाळी बसून घातल्या. मनगट दुखेना. गडी खूश!

चार वाजता तो चहा गाळत होता. बास स्टँडवर. खोलीत दुसरं कुणी नाही.

मागून... टुम्.

त्याने वळून पाहिलं. तार आपोआप खाली गेली. पट्टीला टेकली. वर आली.

टुम्...

आता खरखर नव्हती. सूर अगदी स्वच्छ होता.

त्याने सुयोगला फोन लावला. "काकांची काही इच्छा राहिली होती का रे?"

"वेडा झालास काय?" सुयोग हसला. मग एकदम म्हणाला, "आणि ऐक, नाहूरला काकांच्या घरी जाऊ नकोस हां. काकूला त्रास होतो."

त्या 'जाऊ नकोस'मुळेच तो गेला. पुढच्या रविवारी, पाठीला बास लावून. बिल्डिंग माहीत होती, कितीदा तरी सुयोगला खाली सोडलेलं.

जानकी काकूंनी दार उघडलं. याने सुयोगचं नाव घेतलं. "सुयोगचो मित्र? ये रे झिला, भायर कित्याक उभो?"

काकूंच्या कपाळावर... ठसठशीत कुंकू.

आत पलंगावर एक म्हातारा उशांना टेकून बसला होता. तोच चेहरा. ज्याला यानेच हार घातला होता, तो.

काकांचा डावा हात छातीसमोर हवेत होता. बोटं एकेक करून खाली दाबली जात होती. वर येत होती. पुन्हा दाबली जात होती.

"लकवो मारलो, डावो हात गेलो," काकू कौतुकाने सांगत होत्या. "चार ते पाच बोटांचो व्यायाम. आधी बोटा वळतच नाय होती. आठ दिवस झाले, बघ कशी दाबतत!"

आठ दिवस. बरोबर आठ दिवसांपूर्वी त्याने मऊ तारा घातल्या होत्या.

"ह्यांका बास होयी होती. सुयोग म्हणालो, हलक्यो तारा घालून सांजेक आणतंय. मगे कोण एक प्रबुद्ध म्हणान मित्र घेऊन गेलो नि परतच देणा नाय." काकू थांबल्या. "तुझा नाव काय रे?"

खोटं बोलायला जमलं असतं त्याला. नाही बोलला.

"प्रबुद्ध."

काकांची बोटं थांबली. त्यांनी त्याच्या खांद्यावरची बासची पिशवी पाहिली. लकव्यापासून त्यांच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. हा एक मात्र स्वच्छ फुटला.

"चोर."

तेवढ्यात सुयोग औषधांची पिशवी घेऊन दारात. प्रबुद्धला बघून क्षणभर पांढरा पडला. मग हसत आत आला आणि म्हणाला, "बघा काका! आणायला लावली की नाही मी?"

काकांनी तोच लुळा हात कसाबसा उचलला आणि सुयोगच्या गालावर ठेवला.

प्रबुद्धने बास पलंगाशी टेकवली आणि जिना उतरला. केसाने गळा कापला हो त्या मेल्याने! दहा वर्षांची दोस्ती, एका अ‍ॅम्पपायी. जयंतीला चेंबूरच्या स्टेजवर दुसराच पोरगा वाजवून गेला, आणि आमचा हा घरी बसून राहिला.

मी भडकले. "जा आणि खरं सांग त्यांना!"

"त्यांना मूलबाळ नाही, शीतल. औषधं सुयोगच आणतो. उद्या त्याने येणं बंद केलं तर?" भिंतीवर जिथे फोटो होता तिथे बघत तो म्हणाला, "भूत असतं ना, तर पळून आलो असतो मी. माणूस जिवंत आहे यार."

काकू सगळ्यांना सांगतात म्हणे, काकांनी बासला अजून बोट लावलेलं नाही. कोपऱ्यात उभी आहे. "चोराच्या हातातली" म्हणून.

काल मी प्रबुद्धकडे गेले होते. बास नाही, अ‍ॅम्प नाही, पंखासुद्धा बंद. आम्ही समोरासमोर चहा घेत बसलो होतो. चार वाजले...

माझ्या कपातला चहा थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला, कुणी बोटाने दाबून सोडावं तसा.

आवाज काहीच नव्हता.

प्रबुद्धने माझ्या कपावर बशी ठेवली आणि पाच वाजेपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.