खाऱ्या पाण्याचा बीम

चूक ठेकेदाराची होती. आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी भुतावर ढकलायला नको. माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस. साठी उलटलेली, चारचौघांत ‘अण्णा’, आणि चूक कबूल करायची पाळी आली की तिच्यावर गिलावा मारणारा.

लेकीचं घर त्यानेच बांधलं होतं. काँक्रीट ओतायच्या दिवशी टँकर आला नाही, तर गड्याने शेजारच्या खाऱ्या विहिरीला पंप लावला. त्याचा जुना मिस्त्री म्हणाला, “अण्णा, या पाण्यात माल कालवू नका. सळई आतून सडेल.”

“तू विटा रच. अक्कल माझ्याकडे आहे.”

मिस्त्री विटा रचायला गेला. नऊ वर्षांपूर्वी तो काविळीने वारला. ठेकेदार मयताला गेला नाही. काम होतं म्हणे.

गेल्या नोव्हेंबरात हॉलच्या बीमला खालून लांब भेग पडली, बरोबर सळईच्या रेषेत. तांबूस पाणी झिरपू लागलं. जावयाने इंजिनिअर ठरवला, बुधवारी सकाळी नऊला. मंगळवारी दोघं बाळाला घेऊन परगावी लग्नाला गेली होती. तिथून लेकीचा फोन आला.

“बाबा, बाळ त्या बीमखालीच झोपतं आमचं. उद्या खरं काय ते कळू दे.”

“अगं, प्लास्टर सुटलंय नुसतं. तुझा नवरा पेपर वाचून घाबरतो.”

“तुम्ही मधे पडू नका, एवढंच करा.”

मधे पडला नाही तर बाप कसला.

मंगळवार, एकोणीस नोव्हेंबर, रात्री सव्वाअकरा. दुसरी किल्ली त्याच्याकडे असायचीच. घमेलं, थापी आणि अर्धी गोणी सिमेंट घेऊन तो आत शिरला. आतून कडी घातली. भेग बुजवायची, वरून चुना फिरवायचा. सकाळी ओलं दिसलं तर गच्ची गळते म्हणून सांगायचं, हेही त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. गडी आणला तर बोभाटा, म्हणून एकटाच.

घरातल्या शिडीच्या घोडीवर चढून त्याने भेगेत थापीचं टोक घातलं. ढलपा सुटला, जखमेवरची ओली खपली सुटावी तसा. आत सळई. सळई कसली... पापुद्रे. नख लावलं तर नखाबरोबर आले. अंगठ्याएवढी सळई पेन्सिलीएवढी उरली होती. गंज चढला की लोखंड फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडतं. बीम वाकताना खालचा सगळा ताण याच सळयांवर येतो. त्या गेल्या की वरचं काँक्रीट म्हणजे नुसतं ओझं. हे त्याला पाठ होतं. चाळीस वर्षं गड्यांना तोच शिकवत आला होता.

त्याने त्या कुजक्यावरच माल थापला.

माल पडला. थेट त्याच्या तोंडात. कोमट. खारट. किडक्या दाताचा वास. तो थुंकला, पुन्हा थापला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी मालातून तांबडा पाझर सुटला, गळू फुटल्यावर येतो तसा, आणि मनगटावरून बाहीत उतरला.

मग बीमच्या दुसऱ्या टोकाला आवाज आला.

टक. टक... ढब.

थापीच्या मुठीने पोकळ जागा शोधतात, तसा. तिकडे कुणी नव्हतं.

“कोण आहे?”

टक. ढब. ढब. जवळ येत होता. जिथे वाजे, तिथला ढलपा खाली. घाई कसलीच नव्हती.

ठेकेदार घोडीवरून उतरला. पाय घसरला. फरशीभर तोच चिकट तांबडा चिखल. त्यात ओणवा होऊन तो ओकला.

दिवा गेला.

ढब.

अगदी डोक्यावर.

“मिस्त्री...” तो म्हणाला. “मिस्त्री, सकाळी माणसं येणारेत. एवढं झाकू दे.”

आवाज थांबला.

मग घासणं सुरू झालं. तारेच्या ब्रशने सळई घासतात ते. खर्र. खर्र. त्याच्या केसांत, ओठांवर गंजाचा भुगा पडत राहिला. रात्रभर...

सकाळी जावयाने दाराशेजारच्या खिडकीची काच फोडून, हात घालून कडी काढली. लेक आणि इंजिनिअर मागून आत आले. बीम या टोकापासून त्या टोकापर्यंत सोललेला. सळई न सळई घासून लख्ख; कुठे किती उरली ते शेंबड्या पोरालाही दिसावं. आणि बीमखाली चार लाकडी टेकू, पाचरी ठोकून घट्ट बसवलेले.

इंजिनिअर एका टेकूवर हात ठेवून म्हणाला, “हे कुणी दिले? हे नसते तर छत खाली असतं.”

“रात्री कुणी गडी होते का बरोबर?” जावयाने सासऱ्याला विचारलं.

ठेकेदार कोपऱ्यात बसला होता, अंगभर तांबडा, हातात थापी. त्याने नुसती मान हलवली. नाही.

लेकीने सिमेंटच्या गोणीकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही झाकायला आला होतात?”

“थोडंसंच होतं गं.”

बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

पुढे बीम नवा घातला. टेकू काढताना चार माणसं लागली. घरात तसलं लाकूड कधीच नव्हतं आणि दाराला कडी आतून होती.

लेक त्याच घरात राहते, बापापासून तीन गल्ल्या पलीकडे. बापाशी बोलत नाही. नातू त्याने त्या सकाळनंतर पाहिलेला नाही.