आईच्या नंबरावरचं पार्किंग

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मामाची नाही.

आणि रात्रीची पण नाही. मे महिन्यातला गुरुवार, भर दुपारचा एक. गाव युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. कुणाला पटवून द्यायची हौस मला आता उरलेली नाही.

मी बन्सी. केजला शाळेवर मास्तर आहे. माझ्या माघारी स्टाफमधले मला 'कूपन सर' म्हणतात. रिचार्ज असो, बूट असो नाहीतर मिक्सर, कोड टाकल्याशिवाय मी पैसे भरत नसे. दुसऱ्यांना पण कोड शोधून द्यायचो. लई अभिमान होता मला त्याचा.

आता कूपन शब्द ऐकला की मी उठून बाहेर जातो.

आई, दगडाबाई, वडगावला माझ्या धाकट्या भावाकडं राहायची. पप्पूकडं. मी महिन्यातून एकदा जायचो, पांढरी गाडी घेऊन. गल्ली अरुंद, गाडी घासेल म्हणून मी ती रस्त्यावरच्या नळीच्या पुलाजवळच थांबवायचो. सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं झाली तरी काढलेलं नव्हतं. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की ती पुलापर्यंत चालत यायची, चपला रस्त्यावर काढायची, मग अनवाणी गाडीत बसायची. मीच एकदा ओरडलो होतो, मॅट खराब होतंय म्हणून. तेव्हापासून तिनं ती सवयच लावून घेतली. चपला उचलून डिकीत टाकायचं काम माझं.

तर त्या मे महिन्यात मी आणि माझी बायको ज्योत्स्ना पाच दिवस बँकॉकला निघालो होतो. पॅकेज अर्थातच ऑफरमधलं. विमान पुण्याहून. पुण्यापर्यंत आपली गाडी न्यायची आणि विमानतळाजवळच्या एका खाजगी पार्किंगमध्ये ठेवायची, असं मी ठरवलं. आधी बुक केलं तर स्वस्त. वर कोड टाकला तर आणखी स्वस्त. पण कोड फक्त नव्या गिऱ्हाईकाला चालत होता आणि माझा नंबर त्यांच्याकडं आधीच होता.

मग मी आईचा नंबर टाकला. नाव पण तिचंच टाकलं.

तुम्ही पण हेच केलं असतं. घरोघरी हेच चालतं.

ओटीपी तिच्या फोनवर गेला. मी फोन करून सांगितलं, मेसेजातले आकडे वाच. आईला अक्षरं येत नव्हती, पण आकडे ओळखायची. बोट ठेवून एकेक आकडा तिनं वाचला. मग विचारलं,

“कशाचा नंबर हाय रं?”

“गाडी ठेवायचा. पुण्यात.”

“पुण्यात कावून? हितं ठिव की.”

मी हसण्यावारी नेलं. तिला सांगितलं, परत आल्यावर गाडी सोडवायला अजून एक नंबर येईल, तो तुझ्याच फोनवर येईल. तोवर फोन जवळून हलवायचा नाही. बरं म्हणाली. आईला एखादं काम सांगितलं की ती जीव ओतून करायची.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पूचा फोन आला. आईला धाप लागायलीय म्हणाला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, श्वास भरून आला की घरी थांबू नका, सरळ घेऊन या. आणि लग्नसराई चालू. गावातल्या सगळ्या जीपा वऱ्हाडात.

“दादा, गाडी हितं ठिवा,” तो म्हणाला. “तुमी यष्टीनं जावा. पाच दिसाचा तर सवाल हाय.”

मी म्हणालो, बुकिंग झालंय, आता रद्द होत नाही, पैसे वाया जातील.

 पप्पूनं फोन ठेवला.

कोडमुळं माझे चारशे साठ रुपये वाचले होते. आकडा मुद्दाम सांगतोय. लाज वाटते म्हणूनच सांगतोय.

मंगळवारी गाडी पार्किंगला लावली. किल्ली त्यांच्याकडंच ठेवावी लागते. मी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून घेतला. आपल्या माघारी कुणी गाडी फिरवली तर पकडता यावं म्हणून. असा मी.

परदेशात फोन चालायचा पॅक मी घेतलाच नाही. हॉटेलात फुकटचं वायफाय होतं ना.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही फिरून हॉटेलात आलो. फोन वायफायला जोडला…

पप्पूचे एकोणीस कॉल. आणि एक मेसेज.

'आई गेली. दुपारी एक वाजता.'

 ज्योत्स्ना रडायला लागली. मी परतीची तिकिटं बघायला बसलो. दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं, पण भाव ऐकून तुम्ही पण हबकाल. मी म्हणालो, सकाळपर्यंत थोडा उतरेल. मध्येच एक कोड पण टाकून बघितला.

हो. आई तिकडं अंगणात निजवलेली, आणि मी कोड टाकून बघत होतो.

सकाळी पप्पूनं कळवलं, उन्हामुळं थांबता आलं नाही, रात्रीच माती दिली. जलदानविधीला तरी या. पुढचे दोन दिवस ज्योत्स्ना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शनिवारी ठरलेल्या विमानानंच आम्ही परतलो.

पार्किंगच्या काउंटरवरच्या माणसानं नंबर मागितला. दगडाबाईंच्या फोनवर पाठवलाय म्हणाला.

मी पप्पूला फोन लावला. आईचा फोन बघ, एक नंबर आला असेल.



“दादा, फोन न्हाई. तिच्या मुठीत होता. मूठ उघडलीच न्हाई. तसाच दिला तिच्यासंगं.”

 मी काउंटरवाल्याला सांगितलं, ज्यांच्या नावानं बुकिंग आहे त्या वारल्या. गुरुवारी.

तो रजिस्टर चाळत थांबला. मग म्हणाला, गुरुवारी तर त्यांचा फोन आला होता सर. त्यांचं म्हणणं, बन्सीची गाडी सोडवायचा नंबर पाठवा, गाडी लागतीय. आम्ही सांगितलं, बुकिंग शनिवारपर्यंतचं आहे, मध्ये नंबर देता येत नाही. त्या म्हणाल्या, बरं, मी थांबते.

मी वेळ विचारली. त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

दुपारी… एक वाजून दहा मिनिटं.

आई एकला गेली होती.

मी मनाला समजावलं. घड्याळं मागं-पुढं असतात, पप्पूनं अंदाजे वेळ सांगितली असेल. माझं ओळखपत्र आणि गाडीचे कागद बघून, सही घेऊन त्यांनी किल्ली दिली. म्हणजे नंबराशिवाय पण काम होत होतं.

गाडीजवळ वॉचमन उभा होता. साठीचा माणूस. बीडची पाटी बघून त्यानं सांगितलं, मी घाटनांदूरचा, उत्तरेश्वर. आपल्याच जिल्ह्यातला भेटला म्हणून मला जरा बरं वाटलं. पण तो माझ्याकडं रागानं बघत होता.

“सर, तुमी शिकलेले दिसताव,” तो म्हणाला. “म्हातारीला गाडीत कोंडून इमानानं गेलता व्हय?”

मला आधी कळलंच नाही. कोण म्हातारी?

त्यानं सांगितलं ते असं. गुरुवारी दुपारी तो फेरी मारत होता. ह्या गाडीत मागच्या सीटवर एक म्हातारी बसलेली. काचा बंद, दारं बंद, बाहेर आग ओतणारं ऊन. हातात फोन घट्ट धरलेला. त्यानं काच वाजवली, पाणी देऊ का विचारलं. तिनं मान हलवली आणि फोन दाखवला. किल्ली आणायला तो काउंटरकडं पळाला. परत येऊन बघतो तर… सीट मोकळी.

शुक्रवारी दुपारी परत दिसली. आज दुपारी पण.

“काय म्हनली ती?” मी विचारलं.

“म्हनली, बन्सीचा नंबर येणार हाय. मी बसते.”

 मी मागचं दार उघडलं.

सीटवरचं प्लास्टिक एका बाजूला दबलेलं होतं. आई नेहमी बसायची त्या बाजूला.

मॅटवर पांढऱ्या फुफाट्याचे ठसे होते. दोन पावलं. अनवाणी. शेजारी-शेजारी, अंग चोरून बसल्यासारखी.

मी पुढं बसून गाडी चालू केली. किलोमीटरचा आकडा बघितला. फोनमधला फोटो काढून ताडून बघितला.

गाडी पाचशे अठ्ठेचाळीस किलोमीटर जास्त चालली होती.

उत्तरेश्वर शपथेवर सांगत होता की गाडी जागची हललेली नाही, कॅमेरे बघा. मी पेट्रोलचा काटा बघितला. मंगळवारी होता तिथंच होता. एक थेंब कमी नाही. आईनं तेवढं पण माझं वाचवलं होतं.

तिथून सरळ वडगावला आलो.  बार्शी सोडल्यावर मागच्या सीटचं प्लास्टिक… करकरलं. कुणी मांडी बदलावी तसं. आम्ही दोघांनी ऐकलं. मागं वळून कुणीच बघितलं नाही.

नळीच्या पुलाजवळ गाडी थांबवली. पप्पू उभाच होता. त्याच्या गळ्यात पडायला मी पुढं झालो तर तो बाजूला सरकला. त्यानं रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं.

आईच्या चपला.

जोडीनं, नीट काढून ठेवलेल्या. गाडीत बसताना ती काढायची तशाच.

पप्पू म्हणाला, गुरुवारी बाराच्या सुमारास आईचा श्वास अडकायला लागला. तिला बाजेवर टेकवून तो गाडी बघायला पळाला. साऱ्या गावात एक जीप मिळाली नाही. एक वाजता परत आला तर आई बाजेवरच होती. गेलेली. पाय स्वच्छ. आणि चपला बाजेखाली नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशी हितं सापडल्या. मी उचलल्या न्हाईत, म्हणाला. तुमचं काम हाय ते.

आठ दिवसांपासून तिला घरातल्या मोरीपर्यंत पण चालवत नव्हतं.

पुलासमोर सावित्रीबाईचं घर आहे. आईच्या बरोबरीची म्हातारी, दिवसभर ओट्यावर बसलेली असते. मला बघून ती उठून आली. ती बोलायला लागली तशी पप्पूनं मान खाली घातली. हे त्यानं आधी ऐकलेलं होतं.

सावित्रीबाईनं त्या दुपारी पांढरी गाडी पुलाजवळ थांबलेली बघितली होती. दगडाबाई चपला काढून मागं बसली. सावित्रीबाईला वाटलं, पोरगं आलं बाई वेळेवर. थोड्या वेळानं पप्पूच्या घरातून रडणं ऐकू आलं, तेव्हा ती धावत गेली आणि बाजेवरचं मयत बघून म्हणाली, दगडाबाईला तर बन्सीनं दवाखान्यात नेलं, मग हे कोण हाय?

मी विचारलं, गाडी चालवत कोण होतं?

“तूच की,” ती म्हणाली. “मी हाक मारली. तू बघितलं न्हाईस. तू कवा बघतोस.”

मग ती अजून एक बोलली. गाडी अंबाजोगाईकडं वळली नाही म्हणाली. तिला तेव्हाच नवल वाटलं होतं. गाडी उलटी वळली. केजच्या, म्हणजे पुण्याच्या रस्त्यानं.

मी गाडीत जाऊन परत आकडा बघितला. पुण्याच्या पार्किंगपासून पुलापर्यंत दोनशे चौऱ्याहत्तर किलोमीटर झाले होते.

त्याचे दुप्पट पाचशे अठ्ठेचाळीस.

जाणं आणि येणं. मध्ये कुठंच नाही. अंबाजोगाईचा दवाखाना पुलापासून तासाभराच्या आत आहे, तिकडं ती गाडी एक किलोमीटर सुद्धा गेली नाही.

म्हणजे जे कुणी माझं तोंड घेऊन आलं होतं, ते आईला न्यायला आलंच नव्हतं. त्यानं तिला मागं बसवलं आणि गाडी परत पार्किंगला नेऊन लावली. शनिवारपर्यंतचे पैसे भरलेले होते ना.

ते भूत होतं असं म्हणणारे मला बरेच भेटले. मी हो म्हणतो. पण मला माहीत आहे, मी सुद्धा तेच केलं असतं. केलंच होतं.

चपला मी उचलून डिकीत टाकल्या. गाडी आता पुलाजवळच असते, किल्ली सावित्रीबाईच्या दाराला टांगलेली. गावात कुणालाही लागली तर न्यावी. मी यष्टीनं फिरतो. मॅट तीनदा धुतलं, ठसे वाळले की परत दिसतात.

आईचा नंबर मी फोनमधून काढलेला नाही.

गुरुवार आला की दुपारी वर्गात असलो तरी माझं लक्ष घड्याळाकडं जातं. एक वाजून दहा मिनिटं झाली की फोन वाजतो… स्क्रीनवर 'आई'.

फोन मातीखाली आहे. पप्पूनं स्वतःच्या हातानं माती लोटलीय.

मी तो अजून एकदा पण उचललेला नाही. उचलला तर ती नंबर विचारेल. शनिवार होऊन गेला, पण तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि ती अजून बसून आहे.